प्रत्येक अक्षराला नवं घड्याळ

‘चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर इंटरनेटवर!’ अशा मथळ्याचे व्हिडिओ हल्ली वरचेवर दिसतात. टेबलावर कमोडोर ६४ असतो, निळ्या पडद्यावर अक्षरं एकेक करून उमटतात आणि अमेरिकेतल्या कुठल्यातरी बुलेटिन बोर्डाचं स्वागतपान उघडतं. खालच्या प्रतिक्रिया साधारण दोन प्रकारच्या असतात. कुणी म्हणतं, हे खोटं आहे, ६४ किलोबाइट मेमरीत इंटरनेट मावणारच नाही. (खरं तर मावतं. या शतकाच्या सुरुवातीला ॲडम डंकेल्स या स्वीडिश संशोधकाने ते करूनही दाखवलं. पण या व्हिडिओंत तसलं काहीच चाललेलं नसतं.) दुसरं कुणी म्हणतं, जुन्या यंत्रांत दमच वेगळा होता, आजच्या मालात तो नाही.

दोघंही चुकतात. त्या व्हिडिओतल्या कमोडोरला इंटरनेट नावाची गोष्टच माहीत नसते. तो १९८२ साली जे करत होता तेच आजही करतोय: एका तारेवरून बिट पाठवणं आणि दुसरीवरून घेणं. बदलली आहे ती तारेच्या टोकाची डबी. ती बदलता आली, कारण त्या तारेवरचे नियम इतके साधे आणि इतके पक्के होते की पलीकडे कोण बसलंय हे संगणकाला कधी विचारावंच लागलं नाही. मला या सगळ्या खटाटोपात सर्वात जास्त मोह पडतो तो या नियमांचा, आणि त्यातल्याही एकाचा.

आधी बुलेटिन बोर्ड, म्हणजे बीबीएस, म्हणजे काय ते थोडक्यात. जानेवारी १९७८ च्या हिमवादळात शिकागो ठप्प झालं होतं. तेव्हा वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्युस या दोन हौशी संगणकवाल्यांनी एक यंत्र जुळवायला घेतलं आणि १६ फेब्रुवारीला ते फोनलाइनवर आणलं. कुणीही आपल्या संगणकावरून त्या नंबरला फोन लावायचा, आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेले निरोप वाचायचे, आपला निरोप लिहायचा आणि फोन ठेवायचा. लाइन एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. पुढे जगभर असे हजारो बोर्ड निघाले. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या बोर्डांपैकी एक, ‘सीआयएक्स’, अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये बंगळूरला सुरू केला. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमचं इंटरनेट यायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. आजही बरेच बोर्ड चालू आहेत, फक्त फोनलाइनऐवजी ते टेलनेटवर, म्हणजे इंटरनेटच्या साध्या मजकुरी जोडणीवर ऐकत बसलेले असतात.

संगणक आणि फोन यांच्यामध्ये मोडेम असे. फोनची तार माणसाच्या आवाजासाठी बनवलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच वाहून नेणारी. म्हणून मोडेम बिटांचे सूर करत असे. १९६२ च्या ‘बेल १०३’ पद्धतीत फोन लावणारा १ साठी १२७० हर्ट्झचा सूर काढतो आणि ० साठी १०७० चा. उत्तर देणारा अनुक्रमे २२२५ आणि २०२५. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे दोघं एकाच वेळी बोलू शकतात. पण हे सूर फक्त मोडेमच्या फोनकडच्या बाजूला. संगणकाकडच्या बाजूला सूर नाहीत, नंबर नाहीत, काही नाही. फक्त सिरीयल पोर्टच्या, म्हणजे एकामागून एक बिट नेणाऱ्या जोडणीच्या तारा. १९८१ मध्ये हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने फोन लावायचा हुकूमही त्याच तारांवरून पाठवायची सोय केली. ‘एटीडीटी’ ही चार अक्षरं आणि पुढे नंबर टाइप केला की मोडेम फोन लावी. बाकीच्या कंपन्यांनी हीच पद्धत उचलली.

आता नवी डबी. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप २०१४ च्या सुमारास बाजारात आली. वायफाय आणि ८० मेगाहर्ट्झचा ३२ बिटी प्रोसेसर एकाच तुकड्यात, किंमत काही शे रुपये. तिच्यात असा प्रोग्राम भरतात की ती हेज मोडेम असल्यासारखी वागेल. ‘एटीडीटी’च्या पुढे फोन नंबराऐवजी बोर्डाचा इंटरनेट पत्ता द्यायचा. ती वायफायवरून टेलनेट जोडणी करते आणि जुन्या मोडेमसारखाच ‘कनेक्ट’ असा निरोप परत देते. कमोडोर समजतो, फोन लागला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितलेली असते. पण खरा प्रश्न इथेच सुरू होतो. इंटरनेटवरून माहिती गठ्ठ्यांनी येते, कधी पटापट, कधी अर्धा सेकंद काहीच नाही. उलट कमोडोरला हवे असतात ठरलेल्या वेळाने येणारे बिट. शिवाय दोन्ही यंत्रांची घड्याळं वेगळी, आणि त्यांना जोडणारी घड्याळाची तार नाहीच. मग जमतं कसं?

उत्तर आहे स्टार्ट बिट. ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेलिप्रिंटरसाठी शोधली गेली. तार रिकामी असताना तिच्यावर सतत १ असतो. अक्षर पाठवायचं झालं की पाठवणारा आधी एक ० पाठवतो. १ वरून ० वर येणारा तो उतार म्हणजे इशारा: तुझं घड्याळ आत्ता सुरू कर. घेणारा त्या क्षणापासून दीड बिट एवढा वेळ थांबतो. का दीड? एक बिट स्टार्टचा गेला आणि अर्ध्यात तो पहिल्या खऱ्या बिटाच्या बरोबर मध्यावर पोहोचतो. तिथे तार बघायची. मग एकेक बिट अंतराने पुढचे सात. शेवटी तार पुन्हा १ वर येते, तो स्टॉप बिट. आठ बिटांच्या अक्षरासाठी एकूण दहा.

आता हिशोब बघा. स्टॉप बिटाचा मध्य सुरुवातीपासून साडेनऊ बिटांवर आहे. तिथपर्यंत दोन घड्याळांतला फरक अर्ध्या बिटापेक्षा कमी राहिला की वाचन बरोबर येतं. ०.५ भागिले ९.५, म्हणजे सुमारे ५ टक्के. क्वार्ट्‌झ स्फटिकाची चूक टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, तेव्हा ५ टक्के ही प्रचंड सवलत झाली. आणि अक्षर संपलं की सगळी चूक पुसली जाते. पुढचा स्टार्ट बिट आला की घड्याळ पुन्हा शून्यापासून. दिवसाला दहा मिनिटं मागे पडणारं मनगटी घड्याळही अंडं उकडायला पुरतं, फक्त अंडं टाकताना वेळ बघून ठेवायची.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र दोन अक्षरांच्या मधली. एका अक्षराच्या आत वेळ काटेकोर. पण एक अक्षर संपल्यावर दुसरं कधी सुरू व्हावं, याला नियमच नाही. लगेच आलं तरी चालेल, दहा मिनिटांनी आलं तरी चालेल, तार तोवर १ वर शांत उभी. टेलिप्रिंटरवर बसलेला माणूस विचार करायला थांबू शकेल म्हणून ठेवलेली ही मोकळीक. शंभर वर्षांनंतर तिच्यात इंटरनेटचा सगळा अनियमितपणा मावतो. चिप गठ्ठा आपल्या मेमरीत उतरवून घेते आणि एकेक अक्षर नेमक्या वेळात बाहेर सोडते. गठ्ठा उशिरा आला तर दोन अक्षरांमधली शांतता लांबते, इतकंच. कमोडोरला ती हळू टाइप करणाऱ्या माणसासारखीच दिसते.

कमोडोर या बाबतीत फारच कोंडीत सापडलेला आहे, आणि म्हणूनच तो अभ्यासायला मजा येते. सिरीयलचं काम करणारी वेगळी चिप त्यात नाही. एकेक बिट मुख्य प्रोसेसरच सॉफ्टवेअरने मोजतो. येणारी तार यूजर पोर्टच्या, म्हणजे बाहेरची उपकरणं लावायच्या जागेच्या, दोन पिनांना एकत्र जोडतात. एका पिनेवर उतार आला की प्रोसेसरला हातातलं काम सोडून धावावं लागतं, दुसऱ्या पिनेवरून बिट वाचला जातो, मधली वेळ टायमर मोजतो. युरोपातल्या कमोडोरचं घड्याळ सेकंदाला ९,८५,२४८ ठोके देतं. ३०० बॉडला, म्हणजे इथे सेकंदाला ३०० बिटांच्या वेगाला, एका बिटाच्या वाट्याला ३,२८४ ठोके येतात, भरपूर. २४०० ला ४१०. आणि ९६०० ला जेमतेम १०२. आता अडचण अशी की पडद्यावरची अक्षरं आणण्यासाठी चित्राची चिप दर आठव्या ओळीला प्रोसेसरला चाळीसेक ठोके थांबवून ठेवते. २४०० ला हा उशीर बिटाच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे आपल्या अर्ध्या बिटाच्या सवलतीत आरामात बसणारा. ९६०० ला तोच उशीर बिटाच्या ४० टक्के होतो. त्यात बिट वाचण्याच्या सूचनांचा स्वतःचा वेळ मिळवला की सवलत संपली, अक्षरं कचरा. म्हणून कमोडोरच्या मूळ रॉममधली (कारखान्यातच कायमची भरलेल्या प्रोग्राममधली) सोय २४०० ला थांबते. नंतर हौशी लोकांनी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपमधल्या शिफ्ट रजिस्टरला, म्हणजे एकेक करून येणारे बिट साठवणाऱ्या भागाला, बिट गोळा करायला लावून ९६०० गाठलं. प्रोसेसर मग प्रत्येक बिटासाठी न धावता आठ बिट एकदम उचलतो.

बीबीसी मायक्रो या बाबतीत नशीबवान. आपल्याकडे १९८४ पासून ‘क्लास’ योजनेत शाळांना दिलेली यंत्रं हीच. त्यात सिरीयलसाठी ६८५० ही स्वतंत्र चिप आहे, बिट मोजायचं काम तिचं. भारतात डेसिबेल्स कंपनीने विकलेल्या डीबी स्पेक्ट्रमला मात्र मुळात सिरीयल पोर्टच नाही, त्याला जोडीला ‘इंटरफेस १’ लागतो.

मग जुना खरा मोडेमच आजच्या फोनला का लावू नये? कारण आजचा फोन आतून बदलला आहे. मोबाइलवर किंवा फायबरवरच्या फोनमध्ये आवाज गठ्ठ्यांत तोडून, अनेकदा आवळून पाठवतात. माणसाच्या कानाला न जाणवणारी छाटणी वेगवान मोडेमच्या सुरांना मारक ठरते. ३०० बॉडचे दोन साधे सूर पुष्कळदा टिकतात, पण सेकंदाला १४,४०० बिटांचे गुंतागुंतीचे नाहीत. सुरांच्या प्रवाहात मध्ये थांबायची मोकळीक नाही, फरक तिथेच आहे.

जोडणी करायची असेल तर व्होल्टेज सांभाळा. ईएसपी ८२६६ ही ३.३ व्होल्टची चिप, कमोडोरचा यूजर पोर्ट ५ व्होल्टचा. चिपकडून येणारे ३.३ व्होल्ट कमोडोर १ म्हणून वाचतो, तिकडे अडचण नाही. उलट दिशेला मात्र ५ चे ३.३ करूनच द्यायचे. त्याच पोर्टवर ९ व्होल्टचा एसी पुरवठाही आहे, म्हणून जोडकार्ड उलटं बसवणं म्हणजे नुकसान. पीसीचा सिरीयल पोर्ट आणखी वेगळा: तिथे १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. त्यासाठी मधे ‘मॅक्स २३२’ जातीची चिप घालावी लागते.

जोडणी तोडायची कशी, यातही एक देखणी युक्ती आहे. फोन लागल्यावर तारेवरून जाणारं प्रत्येक अक्षर समोरच्या बोर्डाला जातं, मग ‘फोन ठेव’ हे मोडेमला सांगणार कसं? हेजच्या डेल हेदरिंग्टन यांनी ठरवलं: एक सेकंद शांतता, मग तीन अधिक चिन्हं, मग पुन्हा एक सेकंद शांतता. मजकुरात तीन अधिक चिन्हं सहज येतील, पण दोन्ही बाजूंना मोजून शांतता असलेली क्वचितच. या कल्पनेचं पेटंट १९८५ मध्ये मिळालं आणि नवी डबीही ती इमानाने पाळते.

जुनी यंत्रं शोधायला निघालात तर एका बाजारगप्पेपासून सावध राहा. जुन्या रेडिओ-टीव्हीत ‘लाल पारा’ असतो आणि त्याचे लाखो रुपये मिळतात, असे निरोप फिरत असतात. २००९ मध्ये सौदी अरेबियात याच अफवेने जुन्या शिवणयंत्रांचे भाव आकाशाला भिडले होते. असा कुठलाही चमत्कारी पदार्थ नाही. आणि जुन्या संगणकात सोन्याची खाण असते म्हणून चालू यंत्रं फोडली जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कनेक्टरवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, आणि तो काढताना वापरलेलं आम्ल फुप्फुसांना भोवतं.

माळ्यावर कमोडोर सापडलाच तर मोडेमच्या आधी त्याचा मूळ पॉवर सप्लाय तपासा. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की पुष्कळदा बंद न पडता जास्त व्होल्टेज देऊ लागतो आणि मेमरीच्या चिप जाळतो. मल्टिमीटरने मोजा, किंवा सरळ नवा सप्लाय घ्या. मग वेग आधी ३०० ठेवा. चाळीस अक्षरांच्या पंचवीस ओळींचा पडदा भरायला तेहतीस सेकंद लागतील. अक्षरं स्वच्छ आली की १२०० करा, मग २४००. कचरा दिसू लागला, तर कुठल्या वेगाला दिसला ते लिहून ठेवा आणि एका बिटाच्या वाट्याला किती ठोके आले ते मोजा. दोष तारेत आहे की वेळेत, हे त्यावरून बहुतेक कळतं.