सातबाऱ्यावर एमआयडीसीचा शिक्का पडला म्हणजे जमीन गेली?

पारावर हमखास ऐकू येतं: सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात एमआयडीसीची नोंद लागली की संपलं, आता फक्त भावाची बोलणी. साफ चूक. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ मधली कलम ३२(२) ची नोटीस म्हणजे ‘संपादन का करू नये?’ अशी विचारणा. मुदतीत लेखी हरकत द्या, सुनावणी मागा. गट नंबर, विहीर, बागायत, घर सगळं लिहा आणि पोच घ्या. (ग्रामसभेतला आरडाओरडा फायलीत लागत नाही.) मालकी जाते ती ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आल्यावर. हरकत मान्य होईलच असं नाही, निर्णय सरकारचाच. पण म्हणणं न ऐकताच आदेश काढला, तर हायकोर्टात तोच भक्कम मुद्दा ठरतो.