कर फक्त मूठभर लोकच भरतात का?

‘देशात मोजकेच लोक कर भरतात, बाकीचे फुकट जगतात, म्हणून सरकारने आधी करदात्यांचेच ऐकावे,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्राप्तिकर भरणारे लोकसंख्येच्या मानाने थोडे आहेत, हे खरेच आहे. त्यामुळे तो पटकन पटतो. मात्र प्राप्तिकर हा अनेक करांपैकी एक आहे. मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे ११८ रुपयांचे रिचार्ज करणारी शेतमजूर बाईसुद्धा त्यातले १८ रुपये कर म्हणून भरते. पेट्रोलवर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा व्हॅट असतो, आणि मालवाहतुकीच्या खर्चातून डिझेलवरचा कर भाजीच्या दरातही उतरतो. दुकानाच्या पक्क्या बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) व एसजीएसटी (राज्याचा वाटा) वेगळे छापलेले असतात, आणि ‘रुपया येतो कसा, जातो कसा’ हे केंद्रीय अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत दर वर्षी दाखवलेले असते. दोन्ही कोणालाही पाहता येतात.

तरीही मला याहून महत्त्वाचा वाटतो तो हक्काचा प्रश्न. ब्रिटिश राजवटीतल्या १९३५च्या भारत सरकार कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ने तो प्रौढ नागरिकत्वाशी जोडला, आणि त्यात कराच्या पावतीची अट नाही.