हवामान बदल (महाराष्ट्रातला)

हवामान बदल, किंवा बरेच जण म्हणतात तसं वातावरण बदल, म्हणजे एखाद्या भागातलं तापमान, पाऊस, वारे, समुद्र यांची वर्षानुवर्षांची बसलेली घडी विस्कटणं. मराठीत या शब्दाचा थोडा घोळच आहे. शाळेच्या भूगोलात 'हवा' म्हणजे आजची आणि 'हवामान' म्हणजे तीसेक वर्षांची सरासरी असं शिकवतात, पण उद्या पाऊस पडणार का हे सांगणाऱ्या खात्याचं नावच हवामान खातं आहे, त्यामुळे डिसेंबरात दोन दिवस कडाक्याची थंडी पडली की लगेच कोणीतरी विचारतं, कुठंय तुमची तापमानवाढ? दोन दिवसांची थंडी ही हवा झाली, हवामान बदल बघायचा तर निदान आजोबांच्या शेतीचा काळ आणि आपला काळ शेजारी ठेवून बघावा लागतो.

होतं कसं

सूर्याचं ऊन जमिनीवर येतं, जमीन तापते आणि ती उष्णता परत आकाशात जायला निघते. हवेतले काही वायू, मुख्य म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि पाण्याची वाफ, ती जाणारी उष्णता अडवून धरतात, अंगावर गोधडी घेतल्यासारखं. गोधडी मुळात हवीच, ती नसती तर पृथ्वी गोठली असती. पण गेल्या दीड-दोनशे वर्षांत कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळून आणि जंगलं तोडून आपण तिच्यावर थर चढवत गेलो. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण २८० भाग होता, १९५८ साली हवाई बेटावर मौना लोआला नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि आता ४२० च्या वर गेलाय. हे शास्त्र काही कालपरवाचं नाही, युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्येच काचेच्या नळ्या उन्हात ठेवून हा वायू जास्त तापतो हे दाखवलं होतं आणि स्वीडनच्या अऱ्हेनियसनं १८९६ मध्ये त्याचं गणितही मांडलं होतं.

(ओझोनचं भोक हा वेगळा विषय आहे. ते फ्रिज-एसीतल्या जुन्या वायूंमुळे पडलं. दोन्ही गोष्टी एकाच निबंधात कोंबायची सवय शाळेपासून लागते म्हणून सांगितलं.)

या जास्तीच्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्र पिऊन टाकतो, म्हणून आपल्याला ती पटकन जाणवत नाही. पण महाराष्ट्राच्या दाराशीच अरबी समुद्र आहे आणि आपला बराचसा पाऊस तिकडूनच येतो, त्यामुळे समुद्र तापला की त्याचा हिशोब आपल्याला पावसात द्यावा लागतो.

पावसाचे हप्ते

गावात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, 'पाऊस कमी झाला'. आकडे बघितले तर गोष्ट इतकी सरळ नाही. बऱ्याच ठिकाणी वर्षाची बेरीज जवळपास तीच येते, बिघडलेत ते हप्ते. चार महिन्यांत वाटून यायचा त्या पावसातला मोठा वाटा थोड्याच दिवसांत कोसळतो आणि मधे तीन-तीन आठवडे कोरडे जातात. यामागचं एक कारण अगदी साधं आहे, हवा एक अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते, म्हणजे पखाल मोठी झाली, ती भरायला वेळ लागतो पण फुटते तेव्हा सगळं एकदम ओतते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, आणि तेही एकूण मान्सून त्या भागात कमकुवत होत असताना.

मुंबईकरांना २६ जुलै सांगायला लागत नाही, २००५ साली सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३, एकाच शहरात. अशी एखादी घटना घेऊन 'ही हवामान बदलानंच घडवली' असं म्हणता येत नाही. मिठी नदी बुजवली, नाले अडवले, हा आपला वाटा वेगळाच. पण नंतरची यादी बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात, २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिमी आणि खाली महाड नि चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, २०२३ च्या जुलैमध्ये खालापूरची इर्शाळवाडी. आणि त्या २०२३ चाच ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला!

मराठवाड्याचं उदाहरण तर पाठ करून ठेवावं असं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच लातूर-धाराशिव-बीड भागात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली, जमिनीची वरची माती खरवडून गेली, सीना नदीनं सोलापूर जिल्ह्यातली गावं वेढली. दुष्काळी म्हणून योजना आखलेल्या भागात पुराचे पंचनामे करायची वेळ आली.

तारखाही सरकल्यात. हवामान खात्यानं २०२० साली मान्सूनचं वेळापत्रक नव्यानं काढलं, त्यात मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख सप्टेंबर अखेरीवरून ८ ऑक्टोबरवर गेली. इकडे २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत हजर, १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. पेरणीसाठी ७ जूनच्या मृगाकडे बघणाऱ्यानं काय करायचं? नक्षत्रं तिथंच आहेत, पाऊस सरकलाय.

वादळांचं तसंच. पूर्वी चक्रीवादळ म्हटलं की ओडिशा-आंध्र, अरबी समुद्र त्या मानानं थंड आणि शांत. तो तापला तशी इकडची वादळं वाढली आणि झपाट्यानं जोर धरायला लागली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गुजरातला गेलं. पोफळ पुन्हा लावली तर सुपारी मिळायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे एका दुपारचं नुकसान सात वर्षांचं असतं हे पंचनाम्यात कुठे बसत नाही.

बागा आणि उन्हाळा

हापूसचं झाड थंडीवर चालतं. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार पडल्या की मोहोर येतो, पण पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की झाडाला पाण्याचा ताणच बसत नाही, मोहोराऐवजी पालवी फुटते. पुढे थंडी उशिरापर्यंत टिकली तर पुनर्मोहोर येतो, म्हणजे आधीची कणी-सुपारीएवढी फळं धरलेली असताना झाड पुन्हा मोहोरतं आणि पहिली फळं गळतात. मग फेब्रुवारी-मार्चमध्येच पारा चढला की आणखी फळगळ, फळाला चट्टे, आत साका, म्हणजे गर पांढरट नि खराब होणं. फुलकिडीसाठी फवारण्या वाढतात तो खर्च वेगळा. नाशिकला द्राक्षवाल्यांची तऱ्हा हीच, ऑक्टोबरच्या गोडी (म्हणजे फळासाठीच्या) छाटणीनंतर पाऊस आला की डाउनी हा बुरशीचा रोग आणि घडकूज, मणी भरल्यावर आला की मणी तडकतात. वर प्लॅस्टिक आच्छादन टाकायचं तर एकरी खर्च इतका की लहान शेतकरी फक्त शेजाऱ्याचं बघून येतो.

उन्हाळ्याचं थोडक्यात. विदर्भ आधीच तापायचा, ४५-४६ तिथं नवीन नाही, पण आता रात्रीसुद्धा खाली येत नाही आणि शरीराला सावरायला मिळत नाही. कोकणात आकडा कमी दिसतो पण दमटपणामुळे घाम सुकत नाही, ३८ अंशसुद्धा जिवावर बेततो. अहमदाबादनं २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला, नंतर नागपूरनंही केला, त्यात दुपारी बागा उघड्या ठेवणं, कामाच्या वेळा बदलणं असल्या साध्या गोष्टी आहेत.

धूर कुठून येतो

चंद्रपूर तापतं कारण तिथं औष्णिक वीज केंद्र आहे असं सर्रास बोललं जातं. धूळ, राख, प्रदूषण यांचं खापर तिथं फोडता येतं, पण कार्बन डायऑक्साइड एका जागी थांबत नाही, तो वर्षभरात जगभर मिसळतो. म्हणजे चंद्रपूरचा धूर टेक्सासलाही तापवतो आणि टेक्सासचा चंद्रपूरला. म्हणूनच कोणी किती सोडला हे भांडण जागतिक आहे. भारत एकूण उत्सर्जनात चीन-अमेरिकेनंतर तिसरा, पण माणशी काढलं तर वर्षाला साधारण दोन टन, अमेरिकेत चौदाच्या आसपास, आणि आजवर हवेत गेलेल्या कार्बनमधला जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा. त्यामुळे 'आधी त्यांनी करावं' हे म्हणणं चुकीचं नाही. फक्त चिपळूणच्या बाजारपेठेला त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठं धुराडं विजेचं. चंद्रपूर २,९२० मेगावॅट, शिवाय तिरोडा, कोराडी, परळी, भुसावळ. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड जातो हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. त्यानंतर गाड्या, मग सिमेंट आणि पोलाद. सिमेंटचं दुखणं वेगळं, तिथं भट्टी सौर विजेवर चालवली तरी चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. शेतीत भातखाचरं आणि जनावरांच्या पोटातून मिथेन, युरियातून नायट्रस ऑक्साइड. मिथेन हवेत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो पण शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अठ्ठावीस पट तापवतो, आणि तो कचऱ्यातूनही येतो. देवनारच्या डेपोला २०१६ च्या जानेवारीत लागलेली आग उपग्रहातून दिसली होती, ती धुमसत राहते ती आतल्या मिथेनमुळेच.

कमी कसा करायचा

उपाय म्हटलं की आपल्याकडे पहिलं झाड लावतात. राज्यात २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३, मग २०१९ ला ३३ कोटी असे आकडे झाले. झाडं हवीतच, सावलीसाठी, मातीसाठी, पाण्यासाठी, पण रोप जगून मोठं व्हायला वीस वर्षं आणि कोळसा जाळायला एक रात्र, हा हिशोब जुळत नाही, शिवाय 'खड्डा तोच, रोप नवं' ही चेष्टा उगाच होत नाही. उभी कांदळवनं (खाडीकाठची खारफुटी) आणि जुनं जंगल वाचवणं त्यापेक्षा स्वस्त पडतं, खारफुटीच्या चिखलात कार्बन शेकडो वर्षं गाडलेला राहतो आणि वादळाच्या लाटाही ती झेलते. २०१२ मध्ये राज्यानं यासाठी वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला.

माझ्या मते इथली खरी गंमत शेतीपंपात आहे. राज्यात ४० लाखांहून जास्त कृषिपंप. थ्री फेज लाईट आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, म्हणजे मध्यरात्री बॅटरी घेऊन बिबट्या-सापांच्या भीतीत बारं द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं, नाहीतर लाईट आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर लावून झोपायचं आणि पाणी वाहत राहतं. पाच एचपीचा पंप आठ तास चालला की तीस युनिट, रात्री ती जवळपास कोळशाचीच, म्हणजे एका पंपाचे एका रात्रीत तीसेक किलो. २०१७ ला आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची कल्पना सोपी होती, गावच्या सबस्टेशनजवळ पडीक जागेवर सौर प्रकल्प टाकायचा आणि त्या फीडरवरचे (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनवरचे) पंप दिवसा चालवायचे. सुरुवात राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीत झाली, २०२३ ला दुसरा टप्पा आला. शेतकऱ्याला 'उत्सर्जन' या शब्दाशी देणंघेणं नसलं तरी चालतं, त्याला दिवसा लाईट हवी, आणि दिवसा लाईट दिली की धूर आपोआप कमी होतो. एकच धोका, दिवसा फुकटात पाणी उपसता आलं की भूजल आणखी खाली जातं, म्हणून सोबत ठिबक पाहिजेच.

बाकीचे उपाय भराभर सांगतो. उसाचं पाचट न जाळता सरीत कुजवणं, माती सुधारते आणि युरियाही कमी लागतो. भात सतत तुंबवून न ठेवता अधूनमधून सुकवणं, मिथेन घटतो. ओला कचरा डेपोत न नेता बायोगॅसला देणं. एसटीची पहिली 'शिवाई' ई-बस १ जून २०२२ ला पुणे-नगर धावली, पण बस विजेवर आणि वीज कोळशावर असेल तर फायदा अर्धाच, म्हणून परत वीजच. मुंबई महापालिकेनं २०२२ ला आराखडा काढून २०५० चं शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठेवलं, देशाचं आहे २०७०. आणि स्वच्छ वीज आपल्याला नवीनही नाही, १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्या चालायला लागल्या होत्या!

राहतो प्रश्न रात्रीचा, सूर्य नसताना काय. एक उत्तर घाटघरला २००८ पासून चालू आहे, २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प. वीज जास्त असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि लागेल तेव्हा टर्बाइनवर सोडायचं. चढवायला जेवढी वीज लागते त्यातली पाऊण-एक परत मिळते, बाकी जाते. सह्याद्रीच्या कड्यांमुळे अशा जागा महाराष्ट्रात भरपूर आहेत आणि बरेच प्रकल्प रांगेत आहेत, फक्त त्या जागा नेमक्या घाटमाथ्यावरच्या जंगलात येतात.