बालहक्क आयोगाकडे तक्रार: कोण करू शकतं, काय जोडायचं, आधी कुठे जायचं

शाळेने फीसाठी दाखला अडवला, वर्गात मुलाला मारलं, वसतिगृहात मुलांचे हाल चालले आहेत, अशा वेळी ‘बालहक्क आयोगाकडे जा’ असं कुणीतरी सुचवतंच. सल्ला योग्य आहे, पण आयोग म्हणजे पोलीस ठाणे नव्हे आणि कोर्टही नव्हे. हे ठाऊक नसल्यामुळे बरेच अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात.

भारताने 1992 साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारनाम्याला मान्यता दिली. त्यावर सरकारी यंत्रणा काय करते हे पाहायला 2005 चा बालहक्क संरक्षण आयोग कायदा आला. 2007 मध्ये दिल्लीत राष्ट्रीय आयोग सुरू झाला आणि राज्यांचे आयोग याच कायद्याखाली आहेत. शिक्षण हक्क कायदा आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा यांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणं हेही आयोगांचंच काम.

तक्रार कुणीही करू शकतं: मूल स्वतः, पालक, शेजारी, शिक्षक, संस्था. मूल 18 वर्षांखालचं हवं. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. राष्ट्रीय आयोगाकडेसुद्धा अर्ज मराठीत चालतो. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते. तरीही कुणी इंग्रजीत टाइप करून देण्याचे पैसे मागितले, तर देऊ नका.

निनावी किंवा मोघम अर्ज, कोर्टात चालू असलेलं प्रकरण, मालमत्तेचे वाद आणि नोकरीविषयक तक्रारी आयोग घेत नाही. एकच प्रकरण राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे टाकण्यातही अर्थ नाही, कारण राज्य आयोगाकडे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोगाला करता येत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ शाळेच्या तक्रारींत होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार लेखी तक्रार आधी स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपरिषद किंवा महापालिकेकडे द्यायची असते. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर राज्य आयोगाकडे अपील करता येतं. दाखल्याचंच घ्या. सहा ते चौदा वयाचं मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, असं कलम 5 सांगतं. आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे कलम अर्जात नावानिशी लिहा. ‘शाळा त्रास देते’ एवढंच लिहिलं तर पुढे काहीच हलत नाही.

अर्जात मुलाचं नाव, वय, शाळा किंवा संस्था, काय घडलं, कोणत्या तारखेला, आधी कुणाकडे गेलात आणि आता काय व्हायला हवं, हे सगळं क्रमाने यावं. सोबत वयाचा पुरावा, शाळेशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या झेरॉक्स आणि असेल तर डॉक्टरांचा कागद जोडा. मूळ कागद कधीही देऊ नका. आणि पोच! आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोस्टाने पाठवलंत तर स्पीड पोस्टची पावती जपा. राष्ट्रीय आयोगाची ऑनलाइन तक्रार ‘ई-बाल निदान’वर नोंदवता येते.

मूल आत्ता धोक्यात असेल तर अर्ज लिहीत बसू नका, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन फिरवा. लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ती जबाबदारी आयोगाला पत्र टाकून संपत नाही.

चौकशीत आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात: साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं, शपथपत्रावर पुरावा घेणं. पण तो शिक्षा सुनावत नाही. कारवाईची आणि पीडित मुलाला अंतरिम मदतीची शिफारस करतो, गरज पडल्यास उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जातो. शिफारशीपुढे फाईल सरकतच नसेल, तर 10 रुपये भरून संबंधित कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि त्यात आवक क्रमांक देऊन ‘यावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा.