यूजनेट

यूजनेट : बातम्या, राजकारण, विज्ञान अशा विषयांवर अनोळखी माणसांनी संगणकांवरून एकमेकांशी लेखी चर्चा करावी, यासाठी उभी राहिलेली व्यवस्था. कल्पना 1979 मधली, सुरुवात 1980 मध्ये. म्हणजे वर्ल्ड वाइड वेबच्या बरीच आधीची. ऑनलाइन वादाच्या आजच्या बहुतेक सवयी, चांगल्या आणि वाईट दोन्ही, इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर रुजल्या.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शिकणारे टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांची ही कल्पना. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन याने तिचा पहिला कच्चा प्रोग्रॅम लिहिला. फोनचे दर रात्री कमी असत, म्हणून एक संगणक रात्री मोडेमवरून (संगणकाला फोनच्या तारेशी जोडणाऱ्या उपकरणावरून) दुसऱ्याला फोन लावी आणि आपल्याकडचे नवे संदेश देऊन त्याच्याकडचे घेई. दुसऱ्याकडून ते तिसऱ्याकडे जात. मध्यवर्ती संगणक नव्हता आणि मालकही नव्हता. दिवसाला एक-दोन संदेश येतील, असा निर्मात्यांचा अंदाज होता. तो फार लवकर मोडला.

चर्चा विषयवार गटांत होई. 1986-87 मध्ये या गटांची नावे नव्याने लावली गेली आणि संगणक, विज्ञान, समाज, छंद अशा मोठ्या शाखा पडल्या. विज्ञानाचे गट ‘साय’ (सायन्स) या शाखेखाली आले, तर राजकारण, धर्म असे पेटणारे विषय ‘टॉक’ या शाखेत ठेवले गेले. यामागे पैशाचे कारण होते. फोनचे बिल ज्या संस्था भरत, त्यांना नको असलेली भांडणे एका फटक्यात वगळता यावीत, ही सोय त्यात होती.

गावच्या पारावर बोलणाऱ्याचे घर आणि नातीगोती सगळ्यांना ठाऊक असतात. यूजनेटवर समोर फक्त मजकूर असे. तरीही पहिल्या दशकातला लेखक पूर्ण निनावी क्वचितच होता, कारण संदेशावर त्याच्या विद्यापीठाचा किंवा कंपनीचा पत्ता येई आणि तिथल्या संगणक-व्यवस्थापकाकडे तक्रार करता येई. बाकीची शिस्त रिवाजांनी सांभाळली. ज्याला उत्तर द्यायचे, त्याच्या नेमक्या ओळी वर घेऊन खाली आपले म्हणणे लिहायचे. नव्याने आलेल्याने आधी काही दिवस नुसते वाचायचे. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ठरावीक काळाने सर्वांसमोर ठेवायची. त्रास देणाऱ्याचे नाव आपल्या ‘किलफाइल’मध्ये टाकले की त्याचे संदेश आपल्यापुरते दिसेनासे होत, त्याचे तोंड बंद करायची गरज पडत नसे. या रिवाजांना कमी लेखू नये. कायदा किंवा पहारेकरी नसताना हजारो अनोळखी माणसांना बोलता आले, ते त्यांच्याच बळावर.

विज्ञानाच्या गटांत याचा सर्वांत चांगला उपयोग झाला. 23 मार्च 1989 रोजी मार्टिन फ्लाइशमन व स्टॅन्ली पॉन्स यांनी यूटा विद्यापीठात शीत संमीलन, म्हणजे नेहमीच्या तापमानाला अणुकेंद्रके एकत्र जोडून ऊर्जा मिळवणे, साधल्याचे जाहीर केले. त्यावर लगेच स्वतंत्र गट निघाला आणि ठिकठिकाणचे लोक आपापल्या प्रयोगांची व शंकांची देवाणघेवाण करू लागले. नियतकालिकांतील परीक्षणाला लागणारा वेळ इथे लागत नव्हता. अर्थात परीक्षणाची चाळणीही नव्हती. ‘टॉक.ओरिजिन्स’ या गटात उत्क्रांतीवरचे तेच ते आक्षेप वर्षानुवर्षे येत राहिले. जाणकारांनी त्यांना दिलेली उत्तरे इतकी साठली की त्यांचा संदर्भासाठी वापरला जाणारा संग्रह तयार झाला. वैतागून निघून न जाता विसाव्यांदाही नीट उत्तर लिहिणाऱ्या त्या माणसांचे ऋण मोठे आहे. भौतिकीच्या खुल्या गटात मात्र आइन्स्टाइनला चूक ठरवणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की ‘साय.फिजिक्स.रिसर्च’ हा संपादकांच्या देखरेखीखालचा वेगळा गट काढावा लागला. गणिती जॉन बाएझ त्याच्या संपादकांपैकी एक होते.

ऑगस्ट 1991 हा एकच महिना पाहिला तरी या व्यवस्थेची व्याप्ती कळते. 6 ऑगस्टला टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची माहिती एका गटात दिली. 25 ऑगस्टला हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे दुसऱ्या गटात कळवले. तीच पुढे लिनक्स झाली. या दोन तारखांच्या मध्ये, 19 ऑगस्टला, मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला. अधिकृत माध्यमे उठाववाल्यांच्या ताब्यात होती, पण ‘रेलकॉम’ या छोट्या सोव्हिएत संगणकजाळ्याची फोनवरची ये-जा चालू राहिली. रणगाडे कुठे आहेत, उठावाला विरोध करणारे रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन काय म्हणाले, हे तिथून ‘टॉक.पॉलिटिक्स.सोव्हिएत’ या गटात पोचत होते आणि परदेशातल्या बातम्या उलट मॉस्कोत जात होत्या.

राजकीय वादांचा दुसरा अनुभवही इथलाच. वाद लांबला की कोणीतरी कोणाची तुलना हिटलरशी करणारच, हे निरीक्षण माइक गॉडविन यांनी 1990 मध्ये नियमाच्या रूपात मांडले. नाझींच्या अपराधांचे नाव इतक्या सहज घेतले जाऊ नये, हा त्यांचा हेतू होता.

परदेशी गेलेल्या भारतीयांना ‘सॉक.कल्चर.इंडियन’ या गटाने एकत्र आणले. अयोध्या, आरक्षण, काश्मीर यांवरचे वाद तिथे झडले. मराठी भाषकांसाठी ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट होता. सर्व लिप्यांची अक्षरे संगणकांवर सारखीच दिसावीत यासाठीच्या युनिकोड या प्रमाणकाचा वापर सर्वत्र होण्यापूर्वीचा तो काळ, त्यामुळे मराठी रोमन लिपीत लिहावी लागे आणि ‘ळ’ कसा लिहायचा, इथपासून तयारी असे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 पासून, विदेश संचार निगममार्फत. लगेच पुढच्या वर्षी, 1996 मध्ये, मायबोली हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले. एका विषयावरच्या संदेशमालेला यूजनेटवर ‘थ्रेड’ म्हणत. मराठी संकेतस्थळांवर तिचा ‘धागा’ झाला.

पूर्वी दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, महिनाभर गोंधळ घालत आणि मग रिवाज शिकून सामावून जात. 1993-94 मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीने आपल्या ग्राहकांना यूजनेट खुले केले आणि नवख्यांचा ओघ थांबेना. जुन्यांनी त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ (इटर्नल सप्टेंबर) म्हटले. त्यात थोडा अहंकार होता. पण खरी अडचण शिकवणाऱ्यांपेक्षा शिकणारे फार जास्त झाले, ही होती. एप्रिल 1994 मध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी टाकली. अशा नको असलेल्या जाहिरातींचा, म्हणजे स्पॅमचा, पूर त्यानंतर वाढतच गेला आणि चर्चा हळूहळू इतरत्र सरकली.

जुने संदेश टिकले, याचे श्रेय टोरंटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांच्याकडे जाते. प्राणिशास्त्र विभागाच्या संगणकावर येणारे संदेश त्यांनी 1981 पासून दहा वर्षे चुंबकीय फितींवर साठवून ठेवले होते. 2001 मध्ये गूगलने यूजनेटचे संदेश साठवणाऱ्या डेजा न्यूज या संकेतस्थळाचा संग्रह विकत घेतला व त्यात या फितींची भर घातली. 22 फेब्रुवारी 2024 पासून गूगलने यूजनेटवरील नवे संदेश देणे-घेणे बंद केले; जुना संग्रह वाचता येतो. काही सर्व्हर अजून चालू आहेत. त्यांपैकी मजकुराचे गट विनामूल्य देणाऱ्या एकाचे नाव ‘इटर्नल सप्टेंबर’ आहे.