१८९८ ची रेघ: जुन्या बंदुकांच्या बाजारात भाव कसे ठरत आले

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथे १९५५ पासून शस्त्रांचं एक प्रदर्शन भरतं, हल्ली वर्षातून दोनदा, आणि मांडलेल्या टेबलांची संख्या चार हजारांच्या पुढे जाते. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर सारख्याच वयाच्या, दिसायलाही जवळपास सारख्याच दोन बंदुका असतात. एकीची चिठ्ठी तीनशे डॉलर सांगते, दुसरीची तीस हजार. हा फरक विक्रेत्याच्या लहरीचा नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा व्यवहार आहे, आणि तो ज्याला ठाऊक आहे त्यालाच अशा ठिकाणी स्वस्तात काही मिळतं. नुसत्या घासाघिशीने दहा-वीस टक्के सुटतात, त्यापलीकडे नाही.

सुरुवात भंगारापासून करावी लागते. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं तेव्हा सरकारी कोठारांत ठासणीच्या बंदुकांचे ढीग पडले होते आणि काडतुसाच्या बंदुका आल्यामुळे त्यांना कोणी विचारत नव्हतं. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला फ्रान्सिस बॅनरमन लहानपणी ब्रुकलिनला आला. त्याच्या घराण्याने नौदलाचा टाकाऊ माल लिलावात घेऊन विकण्याचा धंदा सुरू केला आणि बॅनरमनने तो शस्त्रांकडे वळवला. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर हाती लागलेल्या लष्करी मालाचा फार मोठा हिस्सा त्यानेच उचलला. एवढी दारू आणि काडतुसं शहरात ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून १९०० मध्ये त्याने हडसन नदीतलं पॉलपेल बेट विकत घेतलं आणि तिथे किल्ल्यासारखी कोठारं उठवली. १९२० मध्ये तिथल्या दारूच्या कोठाराचा स्फोट झाला. पडक्या भिंती आजही आगगाडीतून दिसतात.

बॅनरमनच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये यादवी युद्धातली बंदूक मोजक्या डॉलरांत मिळायची. नाटक कंपन्या घ्यायच्या, शाळेतली पोरं घ्यायची, शेतकरी नळी कापून सशांच्या शिकारीला वापरायचे. आज ज्या बंदुकीसाठी संग्राहक जीव टाकतात, तिची अशी कापाकापी झाली म्हणूनच न कापलेली दुर्मीळ ठरली. भंगाराच्या भावाने विकलं गेलं, त्यातलं बरंचसं भंगारातच गेलं. पुढच्या सगळ्या चढ्या भावांचं मूळ तिथे आहे.

संग्राहकांच्या संघटना १९३० च्या दशकात उभ्या राहिल्या. ओहायोतली संघटना १९३७ ची. त्यांच्या सभांमध्ये सभासद आपापल्या वस्तू टेबलावर मांडायचे, अदलाबदल करायचे. आजच्या प्रदर्शनांचा घाट तिथूनच आला. पण सामान्य माणसाला जुन्या बंदुकीचं वेड लावलं ते सिनेमाने. १९५० मध्ये ‘विंचेस्टर ७३’ प्रदर्शित होण्याआधी युनिव्हर्सल स्टुडिओने जाहिराती देऊन ‘हजारात एक’ अशी खूण कोरलेल्या विंचेस्टर रायफलींचा शोध घेतला. कारखान्याने नळीच्या नेमबाजीवरून निवडून काढलेल्या या रायफली १८७० च्या दशकात जास्त पैसे घेऊन विकल्या होत्या, आणि १८७३ च्या मॉडेलच्या अशा जेमतेम १३० च्या आसपास बनल्या. जाहिरातींमुळे कोणाच्या माळ्यावरची, कोणाच्या गोठ्यातली रायफल बाहेर आली. मग दूरचित्रवाणीवर काउबॉयच्या मालिकांची लाट उसळली. कोल्ट कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद केलेलं आपलं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ पिस्तूल १९५६ मध्ये पुन्हा बनवायला घेतलं, इतकी मागणी होती. १८७३ मध्ये सैन्याने हेच पिस्तूल नगामागे १३ डॉलरने घेतलं होतं. ज्या पिस्तुलाने शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किड या कुख्यात गुंडाला मारलं, ते याच जातीचं, ऑगस्ट २०२१ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेलं.

त्यानंतर आली कायद्याची रेघ. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ठरवलं की १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्यापुरती ‘अँटिक’. तिच्या खरेदी-विक्रीला परवानाधारक दुकानदार मध्ये लागत नाही. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, पण ढोबळ चित्र हेच. एका वर्षाने बाजार दुभंगला. डिसेंबर १८९८ ची आणि जानेवारी १८९९ ची रायफल एकाच यंत्रावरून उतरलेली, तरी पहिलीचा भाव जास्त. म्हणूनच प्रदर्शनात लोक हातात भिंग आणि खिशात अनुक्रमांकांच्या याद्या घेऊन हिंडताना दिसतात. जाणत्यांना यातले बारकावे पाठ असतात. बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीचा बंदुकीचा धंदा १८९७ च्या आरंभी दुसऱ्या नावाच्या कंपनीत विलीन झाला. तेव्हा चिलीच्या मॉझर रायफलीवर ‘लुडविग लोवे’ दिसलं की तारीख शोधायची गरजच नाही, ती १८९८ च्या रेघेआधीची. ज्या विक्रेत्याला हे ठाऊक नाही तो तिला साध्या जुन्या लष्करी रायफलीच्या भावात देऊन टाकतो.

१९७७ मध्ये नॉर्म फ्लेडरमन या विक्रेत्याने अमेरिकी जुन्या बंदुकांचं भावासकट मार्गदर्शक पुस्तक काढलं, आणि विक्रेता व गिऱ्हाईक दोघंही एकाच पुस्तकावर बोट ठेवून बोलू लागले. अवस्थेच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. ‘एक्सलंट’ म्हणायचं तर सगळे भाग मूळचे हवेत आणि कारखान्याची मूळ झिलई ८० टक्क्यांच्या वर टिकलेली हवी. ३० टक्क्यांच्या वर असेल तर ‘फाइन’. इथे नवखा माणूस हमखास फसतो. गंजाचा तांबूस-काळा थर म्हणजे घाण, असं समजून आजोबांची बंदूक पॉलिश पेपरने लख्ख करून प्रदर्शनात आणणारी कुटुंबं आजही असतात, आणि जाणता माणूस ती हातात घेऊन मुकाट्याने परत ठेवतो. मला हे बघवत नाही. दीडशे वर्षांचा पुरावा एका दुपारी घासून टाकलेला असतो.

उलटा प्रकारही चालतो. १८४० नंतर गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या हजारो चकमकीच्या बंदुका टोपीच्या, म्हणजे घोडा आपटताच पेटणाऱ्या स्फोटक टोपीने उडणाऱ्या, बनवल्या गेल्या, कारण टोपी पावसात दगा देत नसे. शंभर वर्षांनी संग्राहकांना चकमक प्यारी झाली, तेव्हा त्याच बंदुका कारागिरांनी पुन्हा चकमकीच्या केल्या. चकमकीखालचा दारूचा कान (दारू ठेवायची वाटी) नवा आहे का, नळीवर बुजवलेल्या भोकाची गोल खूण दिसते का, हे टॉर्च मारून बघतात. ती खूण दिसली की भाव झटक्यात खाली येतो.

पुरवठा अचानक वाढला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यात नेपाळी सैन्याने दोन शतकांची शस्त्रं रचून ठेवली होती. अमेरिकेतल्या दोन व्यापारी कंपन्यांनी अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर २००३ मध्ये तो साठा उचलला: ५० हजारांच्या आसपास बंदुका, शिवाय तोफा आणि खुकऱ्या. त्यात ब्रिटिश सैन्याच्या ब्राउन बेस, ब्रुन्सविक, स्नायडर, मार्टिनी-हेन्री या बंदुका होत्या आणि नेपाळातच घडलेली गहेंद्र रायफल, जिचं नावही पाश्चात्त्य संग्राहकांना फारसं माहीत नव्हतं. ब्रिटिश लष्करी बंदूक ही तोवर अमेरिकेत खिसा जड असणाऱ्यांची चैन होती. आता न साफ केलेली मार्टिनी-हेन्री काहीशे डॉलरला घरपोच मिळू लागली. ज्यांनी आधी महागात घेतल्या होत्या त्यांचा जळफळाट झाला, हेही खरं. पण ज्यांच्या हाती ब्राउन बेस कधी पडली नसती अशा शाळामास्तरांनी ती घेतली, काळा चिकट तेलकट थर महिनाभर हळूहळू पुसला, आणि खाली दस्त्यावर देवनागरी अक्षरं नि आकडे निघाले. साठा जसा संपत आला तसे चांगल्या नगांचे भाव पुन्हा चढू लागले, बॅनरमनच्या वेळी झालं तसंच.

त्याच दशकात अफगाणिस्तानात तैनात अमेरिकी सैनिक तिथल्या बाजारातून जुन्या बंदुका घरी आणू लागले. त्यात खैबर भागातल्या दर्रा आदम खेल या गावच्या कारागिरांच्या हातच्या नकला भरपूर होत्या. इंग्रजी न जाणणाऱ्या कारागिराने ‘एनफिल्ड’ कोरताना एन उलटा काढलेला, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या मुद्रेखाली ती वारल्यानंतरचं साल! या नकलांचाही स्वतंत्र संग्रह करणारे आहेत, पण भाव मूळ बंदुकीच्या पासंगालाही पुरत नाही.

आपल्याकडे असा खुला बाजार भरू शकत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटण्यासाठी जुनी बंदूक दुरुस्तीनेही न चालणारी असावी लागते, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे परदेशातल्या टेबलांवर दिसणाऱ्या भारतीय तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुका बहुतेक इंग्रजी अमदानीतच गेलेल्या. त्यांच्यावर कारखान्याचं नाव नाही, अनुक्रमांक नाही, कोल्ट किंवा विंचेस्टरसारखं, कारखान्याच्या दप्तरातली त्या बंदुकीची नोंद सांगणारं पत्र नाही. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘भारतीय’ लिहून त्या स्वस्तात पडून असतात. मराठी फौजांतली असेल, राजपुतान्यातली असेल, विक्रेत्याला फरक सांगता येत नाही.

अशा ठिकाणी देवनागरी वाचता येणाऱ्याचं पारडं जड. टिंबाटिंबांनी कोरलेली बारीक देवनागरी ओळ धातूवर दिसली, तर ते शस्त्र बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यातल्या शस्त्रागारातलं असण्याची शक्यता मोठी. तिथल्या काही शस्त्रांवर १६८९ च्या अदोनीच्या (आजच्या आंध्र प्रदेशातल्या) वेढ्याचा उल्लेख आहे. मुघलांच्या बाजूने लढणाऱ्या बिकानेरच्या अनूपसिंहाने ती दख्खनमधून नेली. मोठी लिलावगृहं ही ओळ वाचून घेतात आणि भाव कितीतरी पट लावतात. प्रदर्शनातल्या टेबलावर ती बहुधा नक्षी समजली जाते.