विद्यापीठाचा ग्रंथपाल आणि राज्याचा ग्रंथालय संचालक

‘विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आता पुढची बढती राज्याचे ग्रंथालय संचालक!’ सत्काराच्या भाषणांत हे वाक्य हमखास येतं आणि ग्रंथालयशास्त्राची मुलंही ते खरं मानतात. महाराष्ट्रात अशी बढती नसते. एक पद विद्यापीठाचं, दुसरं सरकारी खात्याचं.

विद्यापीठाचा ग्रंथपाल तुम्हाला ठाऊकच आहे. ग्रंथखरेदी, नियतकालिकं, शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, प्रबंध चढवणं, वर कुलगुरू. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनुसार पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव लागतो. विद्यापीठांची ग्रंथालयं आता ज्ञानस्रोत केंद्रं झाली, पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालयसुद्धा. ग्रंथपालाच्या दारावरही ‘संचालक’ अशी पाटी आली आणि घोळ आणखी वाढला. पगार, रजा, निवृत्तीचं वय हे फरक तर दुय्यम.

खरी मेख आहे ती ग्रंथालय कोणाच्या मालकीचं, यात. ज्ञानस्रोत केंद्र विद्यापीठाचं असतं, म्हणून तिथला संचालक ते स्वतः चालवतो. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं मात्र सरकारची नाहीत. ती नोंदणीकृत संस्थांची आहेत. पुस्तकं कोणती घ्यायची आणि ग्रंथपाल कोण नेमायचा, हे संस्थेचं कार्यकारी मंडळ ठरवतं. राज्याच्या संचालकाच्या हाती असतो 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम. त्याखाली तो ग्रंथालयांना मान्यता, अ-ब-क-ड असा दर्जाचा वर्ग आणि अनुदान देतो. शासकीय विभागीय ग्रंथालयं थेट त्याच्या खात्याची आहेत, पण कामाचा मोठा भार या अनुदानित ग्रंथालयांचाच.

हे अशा ग्रंथालयाच्या तपासणीच्या दिवशी स्वच्छ दिसतं. खात्याचा अधिकारी येतो, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही) उघडतो, नोंदीतली पुस्तकं कपाटात आहेत का ते पाहतो. मग सभासदांची वर्गणी, देवघेवीच्या नोंदी, जमाखर्च. वाचकाला हवी ती कादंबरी का नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं, आणि तरीही लोक त्यालाच धारेवर धरतात. ते मंडळाला विचारा.

दोन्ही वाटांनी मोठी माणसं गेली आहेत. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानाचा ग्रंथालय विभाग उभा करून घेतला. ते सरकारी नेतृत्व. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन 1924 पासून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. सरकारी खातं त्यांच्याकडे नव्हतं, तरी मद्रासच्या 1948 च्या ग्रंथालय कायद्यामागे त्यांचीच खटपट होती. विद्यापीठात राहून कायद्यावर असा ठसा उमटवता येतो, त्यासाठी खुर्ची बदलावी लागत नाही.

माझं ठाम मत असं की राज्याच्या संचालकपदी ग्रंथालयशास्त्र शिकलेलाच माणूस पूर्णवेळ हवा. दुसऱ्या खात्यातल्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार देऊन वेळ मारून नेणं मला अजिबात पटत नाही. ज्याला दाखल नोंदवही वाचता येत नाही, तो तपासणी अहवालावर शेरा तरी काय मारणार?

तेव्हा मुलांनो, आधी ठरवा. संग्रह घडवायचा असेल तर नेट-सेट आणि पीएच.डी.ची वाट धरा. अनुदान, नियम आणि जिल्ह्यांतली फिरती झेपणार असेल तर एमपीएससीच्या जाहिरातींवर नजर ठेवा.